चतकोर

परदेशात राहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘तिकडे थंडी किती असते?’ आणि दुसरा, ‘तिकडे खायचे काय?’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मी गेली काही वर्षे टाळत आलो आहे. ते एका शब्दात देता येते, पण त्या एका शब्दाने काहीच सांगून होत नाही. तो शब्द म्हणजे ‘बटाटा’.

गेल्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या तासाला मी बटाट्यावरचा करपा शिकवीत होतो. रोगाचे शास्त्रीय नाव, बीजाणू, दमट हवा, पानांवरचे काळे डाग, सगळे फळ्यावर काढून झाले. शेवटी रिवाजाप्रमाणे १८४५ च्या आयर्लंडमधील दुष्काळाचा उल्लेख केला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, दहा लाख माणसे मेली असे पुस्तकात आहे. पण एका पिकावर रोग पडला म्हणून एवढी माणसे मरतात कशी? त्यांनी काही उपाय का केला नाही?” मी उत्तर देणार तोच घंटा झाली. खरे सांगायचे तर घंटा झाली म्हणून मला बरे वाटले. हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी मी एका माणसाला विचारला होता, आणि तोही अशा शब्दांत, की त्याची आठवण झाली म्हणजे अजून मान खाली जाते. ते राहिलेले उत्तर या अंकाच्या निमित्ताने द्यावे, असे मनात आहे. मात्र त्यासाठी आधी एक पाककृती सांगावी लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

२०१७ च्या सप्टेंबरात मी एक वर्षाच्या शिक्षणासाठी बेलफास्टला गेलो. बेलफास्ट हे उत्तर आयर्लंडचे मुख्य शहर. लगान नदीच्या काठी वसलेले, पाठीशी केव्ह हिल नावाचा डोंगर, आणि वर सदा भरून आलेले आभाळ. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरत राहतो. आमच्या खानापूरकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला पावसाचे नवल वाटू नये, पण तो पाऊस पाहून मला पहिल्याच आठवड्यात घरच्या श्रावणाची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नव्हती. त्याचे कारण पुढे येईलच.

ऑर्मो रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत विटांच्या जुन्या घरात मला खोली मिळाली. घरमालकीण पंचाहत्तरी ओलांडलेली विधवा बाई. मी मनातल्या मनात तिला आजीबाई म्हणू लागलो. ती मला ‘सन’ म्हणत असे. तिकडे भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला ‘सन’ नाही तर ‘लव्ह’ म्हणते हे मला नंतर कळले, पण तोवर मला जो व्हायचा तो आनंद होऊन गेला होता.

पहिले पंधरा दिवस मी पाव खाऊन काढले. दुकानातल्या पावाला चव नव्हती असे नाही, पण हाताने मोडून खाण्यासारखे त्यात काही नव्हते. भाकरी मोडताना जो कट्‌ असा बारीक आवाज होतो, तो माणसाच्या जेवणाचा किती मोठा भाग आहे, हे बेळगाव सोडेपर्यंत मला माहीत नव्हते. एका शनिवारी सकाळी मी जिना उतरून खाली आलो तर स्वयंपाकघरातून भाजक्या पिठाचा वास येत होता. आजीबाई शेगडीपुढे उभी होती. शेगडीवर बिडाचा जाड, सपाट तवा, आणि त्याला वरून बादलीसारखी कडी. तव्यावर एक गोल भाकरी, आणि तिचे सुरीने कापलेले चार चतकोर!

मी दारातच थांबलो. आजीबाईने एक चतकोर उलथला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्यापुढे केला. मी तो हाताने मोडला. कट्‌ असा आवाज काही झाला नाही. आतून तो मऊ, लुसलुशीत होता, आणि त्याला बटाट्याची चव होती. तिने नाव सांगितले, ‘फॅज’. कुणी त्याला नुसते ‘पोटॅटो ब्रेड’ म्हणतात, कुणी ‘पोटॅटो केक’. आणि त्या एकेका तुकड्याला म्हणायचे ‘फार्ल’. हा शब्द जुन्या स्कॉट बोलीतला, त्याचा अर्थ चौथा भाग. मी म्हटले, “आमच्या भाषेत याला चतकोर म्हणतात.” तिने दोनतीनदा ‘चटकोर, चटकोर’ म्हणून पाहिले आणि म्हणाली, “शब्द असलेला बरा. ज्यांच्याकडे अख्खी भाकरी असते त्यांना असा शब्द लागत नाही.”

त्यानंतर दर शनिवारी तिच्या हाताखाली माझी शिकवणी सुरू झाली. कृती ऐकायला इतकी सोपी की ती शिकायची काय, असे वाटावे. बटाटे उकडायचे, कुस्करायचे, लोणी-मीठ घालायचे, मैदा मिसळायचा, थापायचे, भाजायचे. चार वाट्या कुस्करलेल्या बटाट्याला साधारण एक वाटी मैदा. पहिल्या शनिवारी मी मोठ्या उत्साहाने बाजारातून बटाटे आणले. कॉम्बर नावाचे गाव बेलफास्टजवळच आहे. तिथल्या नव्या बटाट्यांची एवढी ख्याती आहे की २०१२ मध्ये त्यांच्या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण मिळाले. ते ख्यातनाम नवे बटाटे कुठे मिळाले ते मी शोधून आणले. आजीबाईने पिशवीत डोकावून पाहिले आणि काही बोलली नाही. “कर,” एवढेच म्हणाली.

मी केले. कुस्करता कुस्करता त्याची खळ झाली. मैदा घालावा तितका पितच गेला. शेवटी जे तयार झाले त्याने पतंग चिकटवता आला असता. तेव्हा आजीबाईने तोंड उघडले. नवा बटाटा ओला आणि चिकण असतो, तो उकडून लोण्याबरोबर खावा. भाकरीला पिठूळ बटाटा हवा, जो उकडल्यावर हसतो. ‘हसतो’ हा तिचाच शब्द. उकडताना ज्याची साल फुटून आतला पांढरा गर दिसतो, तो हसणारा बटाटा. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. पिठूळ बटाट्यात पिष्ट अधिक असते, उकडल्यावर त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, आणि फार मळले की पेशी फुटून आतले पिष्ट बाहेर येते व गोळा चिकट होतो, हे सारे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. पण बाजारात बटाटा हातात घेतल्यावर त्यातले मला काही आठवले नव्हते.

पुढच्या वेळी तिने ‘केर्स पिंक’ जातीचे, गुलाबी सालीचे जुने बटाटे आणवले. उकडून पाणी ओतून टाकल्यावर पातेले पुन्हा मंद आचेवर ठेवायचे आणि तोंडावर स्वच्छ फडके घालायचे, म्हणजे राहिलेली वाफ फडके पिऊन घेते. गरम असतानाच कुस्करायचे. गार झालेल्या बटाट्याला मैदा जास्त लागतो आणि भाकरी जड होते. मैदा घातल्यावर मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. पोळपाटावर मैदा भुरभुरून ताटलीएवढा, बोटाच्या अर्ध्या जाडीचा गोल लाटायचा, आणि सुरीने अधिकचे चिन्ह काढावे तसे चार भाग करायचे. तव्याला तेल-तूप काही लावायचे नाही. तवा तापला की नाही हे पाहायला चिमूटभर मैदा टाकायचा. तो सावकाश तांबूस झाला तर तवा बरोबर, लगेच काळा पडला तर आच जास्त. एका बाजूला चारपाच मिनिटे, मग दुसरी बाजू. उतरवल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवायचे, म्हणजे मऊ राहतात. उरलेले चतकोर दुसऱ्या दिवशी तळून घेतात. तिकडच्या न्याहारीच्या ताटात अंडी, डुकराचे मांस यांच्या शेजारी हा तळलेला चतकोर असतोच असतो. शेजारी दुसराही एक चतकोर असतो, सोडा आणि ताक घालून केलेल्या मैद्याच्या भाकरीचा. अर्मा भागात तर शरद ऋतूत या बटाट्याच्या भाकरीत सफरचंदाच्या फोडी भरतात. आणि सीमेकडच्या लिट्रिम, कॅव्हन, फर्मानाकडे ‘बॉक्स्टी’ करतात. तिच्यात निम्मा बटाटा कच्चा किसून, पिळून घातलेला असतो.

आजीबाई मूळची टायरोन परगण्यातल्या खेड्यातली. तिच्या आईच्या घरी चुलीत ‘टर्फ’ जाळीत. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवली की ते जळण होते. चुलीवर लोखंडी आकडा असे, आणि त्याला तवा त्या कडीने टांगीत. रात्रीच्या जेवणातले उरलेले बटाटे टाकायचे नाहीत म्हणून सकाळी ही भाकरी. ती एकदा सहज म्हणाली, “माझी आई बटाट्याची साल इतकी पातळ काढायची की तिच्यातून वाचता आले असते. मी तिला हसायचे. तिच्या आजीने काय पाहिले होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.”

तिच्या आईच्या आजीने १८४७ साल पाहिले होते.

इथे मला माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. बटाटा आयर्लंडचा नव्हे, तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो आयर्लंडला पोचला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला आणि त्यांचाच ‘बटाटा’ हा शब्द आपण ठेवून घेतला. आयरिश भाषेत त्याला ‘प्राता’ म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातले. आयर्लंडची चांगली जमीन जमीनदारांची होती. तिच्यावरचे धान्य आणि गुरे खंड भागवण्यासाठी विकली जात. कुळाच्या आणि मजुराच्या वाट्याला उरे तो निकस जमिनीचा एवढासा तुकडा. एवढ्या तुकड्यात घरभर माणसे जगवील असे एकच पीक होते. कष्टकरी पुरुष दिवसाला पाचसहा किलो बटाटे खाई, आणि तोंडी लावायला ताक. दुसरे काही त्याला परवडत नव्हते. त्यातही बहुतेकांनी ‘लंपर’ नावाची एकच जात लावलेली, कारण ती वाईट जमिनीतही भरघोस येई.

१८४५ च्या उन्हाळ्याअखेरीस करपा आला. हवा थंड, दमट आणि ढगाळ असली की त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर आणि पावसाबरोबर पसरतात, आणि आठदहा दिवसांत हिरवेगार शेत काळे पडते. १८४६ साली तर जवळजवळ सारे पीक गेले. हा रोग कशाने होतो हेच तेव्हा ठरलेले नव्हते. कुणी हवेला दोष दिला, कुणी विजांना, कुणी लोकांच्या पापांना. माइल्स बर्कले या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये बुरशीकडे बोट दाखवले, पण पुष्कळांना ते पटले नाही. अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने पुढे ते सिद्ध केले आणि १८७६ मध्ये या जंतूला आजचे नाव दिले. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण आले ते १८८५ मध्ये, म्हणजे दुष्काळानंतर चाळीस वर्षांनी. उपाय का केला नाही, या प्रश्नाचे एक उत्तर असे की उपाय जगातच नव्हता.

दुसरे उत्तर अधिक कडू आहे. बटाटा गेला तरी देशात धान्य पिकत होते, आणि ते जहाजांतून बाहेरही जात होते. मदतीचा कारभार लंडनच्या खजिन्यातून चार्ल्स ट्रेव्हेल्यन हा अधिकारी पाहत असे. हा गृहस्थ आपल्याला अगदी परका नव्हे. आधी तो कंपनी सरकारच्या नोकरीत दिल्लीला आणि कलकत्त्याला होता, पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. या आपत्तीत त्याला ईश्वरी योजना दिसली. आयरिश माणूस आळशी आहे, बटाट्याने त्याला आळशी केले आहे, फुकट दिले तर तो आणखी बिघडेल, असे त्या काळी लंडनमधल्या पुष्कळ शहाण्यांचे मत होते. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची वस्ती सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजार झाली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणखी दहा लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली.

विद्यापीठाच्या अगदी जवळ फ्रायर्स बुश नावाची जुनी दफनभूमी आहे. तिचे दार बहुधा बंद असते. मी रोज तिच्या भिंतीवरून जात-येत होतो. आत गवताने झाकलेला एक उंचवटा आहे, त्याला ‘प्लेगी हिल’ म्हणतात. पटकीच्या साथीतले आणि दुष्काळाच्या तापातले गरीब तिथे एकत्र पुरलेले आहेत. हे मला आजीबाईने सांगितले तेव्हा आम्ही दोघे तव्यापुढेच होतो. ती सावकाश म्हणाली, “मेले त्याचे दुःख आहेच. पण मेलेल्यांनाच दोष दिला, ते विसरवत नाही.”

माझ्या हातातले लाटणे थांबले.

आमचे घर बेळगावच्या पश्चिमेच्या एका खेड्यात. तांबडी जमीन, पावसाळी बटाटा. पहिल्या पावसावर लावायचा आणि गणपतीच्या सुमारास काढायचा. आमच्या घरात जे काही झाले ते त्या पिकावर झाले. माझी पुस्तके, बहिणीचे लग्न, कौलांच्या जागी आलेला स्लॅब. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या साली श्रावणात पाऊस थांबेना. एका शनिवारी मी शहरातून घरी आलो तर बांधावरचा कानडी शेजारी अंगणात बसलेला. “रोग बंदैति,” एवढेच तो म्हणाला आणि गप्प राहिला. त्याचेही शेत गेले होते. मी शेतावर गेलो. पाने उकडल्यासारखी काळी पडली होती. त्या वासाचे वर्णन मी करीत नाही, ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको.

त्याच महिन्यात मी वर्गात करपा शिकलो होतो. वहीत नीटनेटकी आकृती होती. मी घरी येऊन आप्पांना म्हणालो, “ढग आले तेव्हाच फवारायचं असतं. एवढं साधं कळत नाही तुम्हांला? अडाणीपणानं घालवलं सगळं!” आईने माझ्याकडे पाहिले. आप्पा काही बोलले नाहीत. उठून म्हशीला वैरण घालायला गेले. त्या वर्षी त्यांनी कर्ज काढले, माझी फी भरली, आणि पुढे बटाटा लावायचे सोडून दिले. आमच्यात भांडण असे झाले नाही. पण त्यानंतर आम्ही शेतीविषयी कधी बोललो नाही, आणि शेतकरी बापलेकांनी शेतीविषयी बोलायचे नाही म्हटल्यावर बोलायला उरते ते किती!

हे मी आजीबाईला सांगितले. सांत्वन वगैरे तिने काही केले नाही. तिचे वडील धुण्याचा सोडा आणि मोरचूद पिंपात कालवून कसे फवारीत, आणि हातांना निळा रंग कसा लागे, ते तिने सांगितले. आयर्लंडचे हवामान खाते अजूनही दमट हवेत करप्याचा इशारा देते. लहानपणी रेडिओवर तो इशारा झाला की घरात सगळे एकदम गप्प होत, असे ती म्हणाली. मग म्हणाली, “घरी गेलास की त्यांना हे करून घाल.” आणि माझ्या हातातले लाटणे काढून घेऊन स्वतः लाटू लागली, कारण माझा गोल वेडावाकडा झाला होता.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो. बेलफास्टमध्ये माणसाचे नाव, शाळा, एखादे अक्षर म्हणण्याची ढब यांवरून तो कुठल्या बाजूचा हे लोक ओळखतात. १९२१ मध्ये देशाची फाळणी झाली, पुढे तीस वर्षे रक्तपात झाला, १९९८ च्या करारानंतर तो बहुतांशी थांबला. काही वस्त्यांमधल्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. मी होतो त्या वर्षी तिथले सरकारच कोसळलेले होते. ते जानेवारी २०२० पर्यंत उभे राहिले नाही, आणि अडलेल्या मुद्द्यांत आयरिश भाषेचा कायदा हा एक मोठा मुद्दा होता. तो कायदा शेवटी २०२२ मध्ये झाला. आमच्याकडे बसमध्ये कोण कोणत्या भाषेत तिकीट मागतो इकडे कान देऊन वाढलेल्या मला यातले काहीच नवे नव्हते. म्हणूनच आजीबाई रविवारी कोणत्या देवळात जाते हे मी तिला कधी विचारले नाही. पुढे ते आपोआप कळले, पण इथे सांगण्याचे कारण नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना शनिवारी सकाळी हीच भाकरी भाजली जाते, तिचे चारच भाग होतात, आणि बाजू बदलली म्हणून कुणी पाच करीत नाही.

वर्ष संपवून मी परत आलो. निरोप घेताना आजीबाईने तो कडीचा तवा मला देऊ केला. तो सामानात नेणे शक्य नव्हते, आणि शक्य असते तरी मी घेतला नसता. ज्या घरात तवा तापतो त्या घरात तो राहावा.

गावी येऊन चार दिवस झाल्यावर मी बाजारातून बटाटे आणले. या वेळी ओले नवे नाहीत, जुने, पिठूळ. आई म्हणाली, “काय करायलास रे?” मी म्हटले, “भाकरी.” ती म्हणाली, “बटाट्याची भाकरी? पीठ संपलंय व्हय घरात?” तरी तिने तवा दिला. मैदा चिमटीने टाकून मी तवा पाहिला तेव्हा ती कौतुकाने बघत राहिली. लोणी घरच्या म्हशीचे होते. पहिला गोल मोडला, दुसरा जमला. आई चव घेऊन म्हणाली, “बरं आहे. पण मिरची नाही, काय नाही. आजारी माणसाला चांगलं.” आणि उठून ठेचा घेऊन आली.

आप्पा कट्ट्यावर बसले होते. त्यांच्या ताटात मी एक चतकोर वाढला आणि शेजारी बसलो. बटाटा आहे हे त्यांना पहिल्याच घासाला कळले. ते हळूहळू खात राहिले. मी त्यांना आयर्लंडची सगळी गोष्ट सांगितली. लंपर, काळी पडलेली शेते, जहाजांतून जाणारे धान्य, मद्रासला आलेला तो साहेब, प्लेगी हिल. शेवटी जे म्हणायचे होते ते म्हणालो, “आप्पा, त्या वेळी मी तुम्हांला फार वाईट बोललो. फवारलं असतं तरी कदाचित...”

ते मध्येच म्हणाले, “फवारलं होतं की. दोनदा.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“फवारलं की रात्री पाऊस. धुऊन जायचं. तिसऱ्या खेपेला औषधाला पैसे नव्हते. तू विचारलंस कुठं?”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

त्यांनी ताटातला उरलेला तुकडा ठेच्यात बुडवला. “तू शिकून येऊन बोलत होतास,” ते म्हणाले. “पुस्तकातलं. घरात तसं कुणी कधी बोललं नव्हतं. वाईट वाटलं. पण ऐकायला बरंबी वाटलं.” मग ताट पुढे करून म्हणाले, “आणि एक वाढ.”

आता त्या विद्यार्थ्याला मी उत्तर देऊ शकेन असे वाटते. त्यांनी उपाय का केला नाही, असे तू विचारलेस. उपाय जिथे सापडला नव्हता तिथे त्यांना तो करता आला नाही. जिथे धान्य होते तिथे ते विकत घ्यायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. आणि जिथे माणसाने जिवाचे रान केले असेल तिथेही ते लांबून पाहणाऱ्याला दिसत नाही. मी तर लांबही नव्हतो. त्याच घरात जेवत होतो.

यंदा आप्पांनी घराजवळच्या वाफ्यात बटाट्याच्या चार ओळी लावल्या आहेत. ढग आले की ते मला फोन करतात. पाने कशी आहेत, डाग आहे की नाही, ते सांगतात. आणि मी काही सांगण्याआधी, त्यांनी काय काय केले ते विचारून घेतो.